चर्मण्वतीचे मुख्यमंत्री

“ते घरात आहेत, पण आत्ता राज्यात आहेत. पाचनंतर या.”

मी जिना चढत होते तेव्हा काकू दारात उभ्या राहून विम्याच्या माणसाला हे सांगत होत्या. त्यांच्या बोलण्यात चेष्टा नव्हती. ‘ते अंघोळीला गेलेत’ म्हणावं तसं त्या म्हणाल्या आणि मला आत घ्यायला दार जरा जास्त उघडलं. आतल्या खोलीतून धुमाळ काकांचा आवाज येत होता. सावकाश, सरकारी हिंदीत ते कुणाला तरी समजावत होते की माननीय सदस्यांनी पुरवणी प्रश्न मूळ प्रश्नाच्या बाहेर नेऊ नये. खोलीत त्यांच्याशिवाय कोणी नव्हतं. टेबलावर मोबाईल होता, तो स्टीलच्या डब्याला टेकवून उभा केलेला.

विम्याचा माणूस माझ्याकडे बघून हसला. मला हसता आलं नाही, कारण ते राज्य काकांना मीच दाखवलं होतं.

चर्मण्वती हे चंबळचं जुनं नाव. त्या नावाचं एक राज्य आमच्या इकडच्या कॉलेजांतल्या मुलांनी इंटरनेटवर वसवलं होतं. त्याला विधानसभा होती, पक्ष होते, दर वर्षी निवडणूक होती, आणि दोन वर्तमानपत्रं होती जी एकमेकांवर तुटून पडत. जमीन मात्र नव्हती. आठवडाभर लिहून भांडायचं आणि रविवारी दुपारी चार वाजता सगळ्यांनी एकत्र येऊन चेहरे न दाखवता, नुसत्या आवाजाची सभा भरवायची. मी एकोणिसाव्या वर्षी तिथे गेले, कारण तिथे न बोलता राहता येत होतं. मी फक्त टाईप करायची. ही कोणाच्याच बाजूची नाही असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं आणि मला निर्वाचन अधिकारी, म्हणजे निवडणूक घेणारी, केलं. खरं म्हणजे मी नुसती गप्प होते.

धुमाळ काका आमच्या समोरच्या इमारतीत राहायचे, नया बाज़ारच्या मागच्या गल्लीत. मधली वाट इतकी अरुंद की आमच्या खिडकीतून त्यांच्या टेबलावरचा चष्मा कोणता, जवळचा की लांबचा, हे सांगता यायचं. सरकारी कार्यालयात बाबू म्हणून लागले आणि बडे बाबू होऊन निवृत्त झाले. एका नोव्हेंबरात ते मोबाईल घेऊन आमच्याकडे आले. पेन्शनवाल्यांना दर वर्षी आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो, तो त्या वर्षीपासून फोनवरच देता येत होता. कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावायचे होते. काका ताठ बसले आणि डोळे मिचकावेनात. सरकारी फोटोत डोळे हलवायचे नसतात हे त्यांना पक्कं माहीत होतं. चार वेळा यंत्राने त्यांना जिवंत मानायला नकार दिला. पाचव्या वेळी त्यांच्या डोळ्यात धूळ गेली म्हणून जमलं.

मागे माझ्या कॉम्प्युटरवर चर्मण्वतीचं कुठलंसं विधेयक उघडं होतं. काकांनी लांबचा चष्मा काढून जवळचा लावला आणि ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मी घाबरले. हा काय पोरखेळ, असं ते विचारतील असं मला वाटलं. त्यांनी विचारलं, “बेटा, इकडे आवक-जावक कोण बघतं?”

मला प्रश्नच कळला नाही.

“मतलब, पत्र आलं तर ते कुठे चढवतात? नंबर कोण टाकतं?”

मी म्हटलं, कोणी नाही. ते खूप वेळ पडद्याकडे बघत राहिले, एखाद्या घरात चूल नाही असं समजल्यासारखे.

दुसऱ्या दिवशी ते चर्मण्वतीचे नागरिक झाले. तिथे सगळ्यांनी टोपणनावं घेतलेली. कोणी ‘बाग़ी’ होता, कोणी ‘डमरू’. काकांनी नाव दिलं, प्रभाकर रा. धुमाळ (से. नि.). ते ‘सेवानिवृत्त’ही कंसात. मुलांना वाटलं की हेसुद्धा सोंग आहे, आणि फार चांगलं वठवलंय. दोन महिन्यांनी त्यांना कळलं की हा माणूस खरंच असा आहे. तोवर सगळ्या जुन्या विधेयकांना क्रमांक पडले होते, कोणत्या ठरावावर काय झालं याची नोंदवही तयार होती, आणि दोन्ही वर्तमानपत्रं काकांना विचारल्याशिवाय तारीख छापत नव्हती. दोनेक वर्षांनी दोन पक्ष इतके भांडले की कोणाचंच सरकार बनेना. तेव्हा कोणीतरी म्हणालं, बाबूजींनाच करा. अशा रीतीने ते मुख्यमंत्री झाले आणि पुढे आणखी दोनदा निवडून आले.

घरात त्याने काही फरक पडला नाही. काकू सामानाची यादी देत, ती काका टेबलावर ठेवत आणि कोपऱ्यात ‘चर्चा करावी’ असा शेरा मारून परत पाठवत. एकदा मी तिथे असताना ती यादी पुन्हा बाहेर आली. काकूंनी खाली लिहिलं होतं, ‘चर्चा झाली. दूध आणा.’ काका उठले, पिशवी घेतली आणि गेले. त्या दोघांत हे किती वर्षं चाललं होतं कोण जाणे. मोठ्याने भांडण मी त्यांच्याकडे कधी ऐकलं नाही.

रविवारी सभेसाठी ते इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायचे आणि घड्याळ बांधायचे. सभा संपली की घड्याळ उतरवून पुन्हा खणात. कोणी दिसत नाही तर कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, आवाजात दिसतं.

त्यांचं हिंदी पुस्तकी होतं आणि मराठी आमच्या सगळ्यांसारखंच अर्धं हिंदीत बुडालेलं. माझं मराठी घरातलं. शाळेत इंग्रजी आणि रस्त्यावर हिंदी. मी नोटीस लिहिली की काका ती वाचायचे आणि विचारायचे, हे कोण म्हणतंय? म्हणजे वाक्यात करणारा माणूस कुठे आहे. ‘असं ठरवण्यात आलं आहे’ हे त्यांना चालायचं नाही. चाळीस वर्षं तशी वाक्यं लिहिलेल्या माणसाला ती का चालत नाहीत, हे मला पुष्कळ नंतर समजलं.

त्यांनी चर्मण्वतीला एक प्रथा दिली, ती अजून माझ्या डोक्यातून जात नाही. मतदानाच्या आधीच्या रविवारी प्रत्येक उमेदवाराने समोरच्याचा जाहीरनामा सभेत वाचून दाखवायचा. मध्ये काही न बोलता, आवाज न बदलता. काकांचं म्हणणं असं की लिहिलेलं कोणी वाचत नाही आणि विरोधकाचं तर नाहीच, म्हणून ते निदान एकदा आपल्या तोंडातून जाऊ द्यावं. त्यांच्या दुसऱ्या निवडणुकीत ‘डमरू’ने गंमत म्हणून अर्ज भरला. प्रत्येक नागरिकाला रोज दोन कचोऱ्या, सोमवारी सुट्टी, आणि मुख्यमंत्र्यांना सक्तीने दुपारची झोप, असा त्याचा जाहीरनामा. काकांनी तो वाचला. कचोऱ्यांच्या कलमाला ते थांबले, पान उलटलं आणि त्याच आवाजात पुढे गेले. त्यांनी ते असं वाचलं की कचोऱ्या खरोखर मिळू शकतील असं वाटायला लागलं. सभेत कोणी हसलं नाही. डमरूला अकरा मतं पडली आणि तो स्वतःच हादरला. त्याने नंतर मला लिहिलं होतं की त्याचं लिहिलेलं आजवर कोणी इतका मान देऊन वाचलं नव्हतं.

हे सगळं राज्य भरात होतं तेव्हाचं. मग मुलं पास झाली, नोकऱ्यांना लागली. ‘बाग़ी’ला हैदराबादला काम मिळालं आणि ते रविवारीसुद्धा असे. सभेला पंधरा, मग बारा, एकदा तर सात जण. काका सातांपुढेही तसंच बोलत. एक प्रश्न विचारून ते थांबले की पलीकडून पंख्याचा आवाज यायचा, कुठल्या तरी गावातला हॉर्न यायचा, आणि उत्तर यायचं नाही. काका पूर्ण एक मिनिट थांबत. मग म्हणत, “मौन दर्ज किया.” आणि पुढचा विषय.

शनिवारी ते एकेकाला फोन लावून उद्या येणार का विचारत. खिडकीतून मला ते दिसायचे, यादीवर बोट ठेवून. येतो म्हणून न येणारे तर होतेच, पण फोन न उचलणारे वाढत गेले. त्या हिवाळ्यात एका दुपारी मी गच्चीवर पापड उलटायला गेले तर काकू माझी वाटच बघत होत्या. म्हणाल्या, “तू सांगून दे त्यांना. मी बोलून बोलून थकून गेले. माणूस नोकरीतून एकदा रिटायर होतो, हे दोनदा व्हायला तयार नाहीत.” मी हो म्हणून मान हलवली. सांगितलं नाही.

त्याच सुमारास राष्ट्रसभेकडून पत्र आलं. राष्ट्रसभा म्हणजे असंच पण फार मोठं, देशभर पसरलेलं एक खोटं राष्ट्र. तिथे हजारो लोक होते, स्वतःचं न्यायालय होतं. त्यांनी लिहिलं होतं की छोटी राज्यं आता टिकत नाहीत, तुम्ही आमच्यात विलीन व्हा. चर्मण्वती हा आमचा एक जिल्हा होईल आणि तुमचे सदस्य आमच्याकडे नवागत म्हणून सुरुवात करतील.

नवागत. काकांनी त्या शब्दाखाली पट्टी धरून रेघ मारली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून आपल्या वडिलांची गोष्ट सांगितली. एरवी ते घरचं काही सांगत नसत. त्यांचे आजोबा शिंद्यांच्या फौजेत, घर शिंदे की छावनी मोहल्ल्यात. वडील मात्र कलमवाले, आधी संस्थानच्या आणि मग मध्य भारत राज्याच्या कचेरीत. पुढे मध्य भारत मोडून नवा प्रांत झाला आणि राजधानी भोपाळला गेली. फायली ट्रकमध्ये भरल्या, माणसांना विचारलं येता का. चार वेगवेगळ्या राज्यांतले बाबू एका कचेरीत आले. मग त्या सगळ्यांची मिळून एक ज्येष्ठता यादी निघाली, कोण कोणाच्या वर. वडिलांची आधीची अकरा वर्षं त्या यादीत धरलेली नव्हती. त्यांच्या हाताखाली शिकलेला मुलगा त्यांच्या वर लागला. वडील अर्ज करत राहिले. उत्तर आलं तेव्हा ते निवृत्त झाले होते. यादी चूक आहे हे मान्य, पण आता लाभ देता येत नाही, असं काहीतरी त्यात होतं.

“कोणी वाईट नव्हतं त्यात,” काका म्हणाले. “यादी पाठवली सगळ्यांनी. पण भोपाळला बसून ती लागू करून घ्यायला आपलं कोणी नव्हतं.”

एवढ्यावरच ते थांबले, पण मला समजलं की ते चौथ्यांदा उभे राहणार. चर्मण्वतीतल्या प्रत्येकाची वर्षं राष्ट्रसभेत धरली जावीत, नवागत म्हणून कोणी जाऊ नये, आणि ते तिथे बसून लागू होईपर्यंत आपण पदावर असावं, इतकीच त्यांची मागणी होती. राज्य जाणार हे त्यांनी मान्य केलं होतं. मला वाटतं त्याने त्यांना थोडं सुटल्यासारखंही झालं होतं.

त्यांच्याविरुद्ध यश उभा राहिला. मुरार भागातला मुलगा, कायदा शिकत होता, हुशार आणि घाईचा. काकांचा मान ठेवायचा, पण कंटाळून. सभेत तो म्हणाला, “सर, ये गेम है. गेम में सीनियरिटी कौन देखता है?” काकांनी त्याला विचारलं की तुम्ही किती वर्षं इथे आहात. यश म्हणाला, चार. काका म्हणाले, “वो चार साल गेम नहीं थे बेटा, आपके थे.” यश काही बोलला नाही, आणि त्या वेळी काकांनी मौन नोंदवलं नाही.

राष्ट्रसभेशी पत्रव्यवहार काकांनीच केला. एकवीस पत्रं, प्रत्येकावर मागच्याचा संदर्भ. शेवटी ते लोक थकले आणि मानले. अट एकच. तुमच्या सभेने मंजूर केलेली एक अंतिम यादी महिनाअखेर पाठवा. त्यात ज्याचं नाव आणि प्रवेशाची तारीख असेल त्याची वर्षं धरू. उशीर चालणार नाही आणि नंतर बदल चालणार नाही.

काकांनी यादी केली. जुने संदेश खणून प्रत्येकाची पहिली तारीख काढली. जे दोन वर्षं फिरकले नव्हते त्यांचीही नावं घातली, हैदराबादच्या बाग़ीचं, डमरूचं. मधल्या काळात त्यांना मोतीबिंदूचा त्रास सुरू झाला होता, म्हणून मी नई सडकवरच्या दुकानातून मोठ्या अक्षरांत छापून आणायची आणि ते पेन्सिलने दुरुस्त करायचे. अडतीस नावं झाली. रविवारी सभेत त्यांनी यादी स्वतः वाचली, पहिल्यापासून अडतिसाव्यापर्यंत, तारखांसकट. लोक ऐकत होते, कारण प्रत्येकजण आपल्या नावाची वाट बघत होता. यशने सुचवलं की मग निवडणुकीची मतदार यादीही हीच धरा, पुन्हा वेगळी कशाला. ज्याचं नाव यात तोच मत देईल, तोच उभा राहील. काकांनी त्याला अनुमोदन दिलं. एका मिनिटात मंजूर झालं.

अर्जांची छाननी माझं काम होतं. मतदानाच्या आधीच्या शनिवारी दुपारचं जेवण झाल्यावर मी दोन अर्ज आणि ती यादी घेऊन बसले. यशचं नाव चौदावं. काकांचं मी आधी, प्रवेशाच्या क्रमाने, सातव्याच्या आसपास शोधलं. मग वरपासून. मग खालपासून. मग कॉम्प्युटरला शोधायला सांगितलं. नाव फक्त एका जागी होतं, अडतिसाव्या नावाखाली रेघ मारून: ‘यादी तयार करणारा, प्र. रा. धुमाळ.’

आणखी कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. यादीची मूळ प्रत माझ्याकडे होती आणि ती फक्त मलाच उघडून बदलता येत होती. मी त्यांचं नाव सातव्या जागी टाईप केलं. खालचे सगळे एकेक घर सरकले, शेवटचा एकोणचाळिसावा झाला. छान दिसत होतं. मी ते बराच वेळ बघितलं आणि पुसलं. मग खाली उतरून समोर गेले.

काका टेबलापाशी उन्हात बसले होते. मी यादी पुढे ठेवली. त्यांना वाटलं तारखेची चूक आहे. बोट एकेका नावावरून खाली आलं, रेघेपाशी थांबलं, पुन्हा वर गेलं, पुन्हा खाली आलं. कार्यालयात चाळीस वर्षं त्यांनी अशा याद्या केल्या होत्या, दुसऱ्यांच्या बढतीच्या, दुसऱ्यांच्या बदलीच्या. करणारा खाली सही करतो. तो यादीत नसतो.

“हां,” ते म्हणाले.

मी हळूच म्हटलं की अजून कोणाला माहीत नाही, नाव घालता येईल. मी एकदा घातलंही होतं, हे सांगितलं नाही. त्यांनी मला नियम काढायला लावला. तो त्यांनीच लिहिला होता: मंजूर यादीत एक अक्षर बदललं तरी ती सगळ्यांच्या हरकतींसाठी पंधरा दिवस उघडी राहील. महिनाअखेरीला नऊ दिवस होते. म्हणजे त्यांचं नाव आत आलं असतं तर यादी वेळेत गेली नसती आणि अडतीसही जण नवागत झाले असते. नाही आलं तर ते उभे राहू शकत नव्हते, आणि राष्ट्रसभेतही त्यांची पाच वर्षं कोणी धरणार नव्हतं.

मी म्हटलं, मग तुम्ही अर्ज मागे घ्या. तब्येतीचं कारण द्या. तसं झालं असतं तर मला काही करावं लागलं नसतं, हे मी आता कबूल करते.

काकांनी मान हलवली. “मागे घेतला म्हणजे मला नको होतं असं होईल. मला हवं आहे बेटा. नाव नाही, ही वेगळी गोष्ट आहे.” थोड्या वेळाने म्हणाले, “अर्ज फेटाळायचा तर अधिकारी सभेत बोलून सांगतो. कारणासकट. ते तुला माहीत आहे ना?”

मला माहीत होतं. गेल्या चार निवडणुकांत एकही अर्ज फेटाळायची वेळ आली नव्हती. मी विचारलं, टाईप केलं तर नाही का चालणार. ते हसले नाहीत. काकूंना त्यांनी आतून दोन वाट्या चिवडा आणायला सांगितला, आणि यश यादी नीट नेईल का यावर बोलत राहिले. त्याला एक नोटशीट लिहून देतो, म्हणाले, कोणाला आधी भेटायचं, काय दाखवायचं. मी असेपर्यंत त्यांनी तिचे तीन मुद्दे लिहिलेसुद्धा. अक्षर ओळीच्या खाली उतरत होतं. डोळे दुखले की चष्मा काढून कपाळावर ठेवायचे आणि मग चष्मा शोधायचे. काकू दारात उभ्या होत्या. त्यांना सगळं ऐकू आलं असावं. चिवड्याच्या वाट्या ठेवताना त्या मला म्हणाल्या, “खाऊन घे. उद्या बोलायचं आहे तुला.”

पुढे उन्हाळ्यात ते दोघं मुलीकडे पुण्याला गेले, डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी म्हणून, आणि तिकडेच राहिले. जाताना स्टेशनवर गर्दी होती, सामान होतं. मला त्यातलं नीट आठवत नाही. मी त्यांना शेवटचं नीट पाहिलं ते दुसऱ्या दिवशी, त्या रविवारीच.

निवडणूक जवळ आल्यामुळे एकवीस जण आले होते. बाग़ी हैदराबादहून आला होता. मी माझ्या खोलीत, खिडकी उघडी, थंडी असूनही. समोर काका टेबलाशी बसले होते, इस्त्रीचा निळा शर्ट, मोबाईल डब्याला टेकवलेला. हजेरी झाली. मग सभेच्या अध्यक्षांनी छाननीचा विषय पुकारला आणि माझ्या पदाचं नाव घेतलं. सगळे नेहमीसारखे लिहून येण्याची वाट बघू लागले.

मी बोलण्याचं बटण दाबलं. वाक्य मी हिंदीत लिहून ठेवलं होतं. ते वाचलं: प्रभाकर धुमाळ का नाम सूची में नहीं है, इसलिए आवेदन अस्वीकार किया जाता है, सूची कायम रहेगी. माझा आवाज समोरच्या खिडकीतून अर्ध्या क्षणाने उशिरा मला परत ऐकू आला, दुसऱ्याच कोणाचा असावा तसा बारीक. माझा आवाज असा आहे हे सभेतल्या कोणालाच माहीत नव्हतं.

यशने “क्या?” म्हटलं. समोर काका खुर्चीवरून उठले. एक हात टेबलाच्या कडेवर, मान किंचित मोबाईलकडे झुकलेली, जसा कोणी आपल्या नावाचा हुकूम पूर्ण वाचून होईपर्यंत उभा राहतो. त्यांनी खिडकीकडे पाहिलं नाही. ते मोबाईलकडेच बघून, सभेला उद्देशून, शांतपणे म्हणाले, “कारण अजून आलेलं नाही. नाव सूचीत नाही, हे झालं. का नाही, ते निर्वाचन अधिकाऱ्यांनी सांगावं.”

हे ते मराठीत म्हणाले. पाच वर्षांत सभेत पहिल्यांदा. मी लिहून ठेवलेल्या कागदावर याचं उत्तर नव्हतं. मग मीही मराठीतच बोलले, अर्ध्या लोकांना कळणार नाही हे माहीत असून.

मी म्हटलं, “ही यादी ज्यांनी केली त्यांनी आम्हां सगळ्यांची नावं शोधून शोधून लिहिली. जे आम्हाला सोडून गेले होते त्यांचीसुद्धा. आपलं स्वतःचं लिहायचं त्यांच्या मनातच आलं नाही.”